देहाची व्यवस्था: कुसिनारा, पुणे, दादर

आपल्या अंत्यविधीचा विचार जिवंतपणी करणे अशुभ होय, असे मानण्याची रीत आपल्या समाजातील पुष्कळ घरांत अद्याप शिल्लक आहे. मुलामुलींची लग्ने, घराची वाटणी, निवृत्तिवेतनाचा वारसा यांविषयी माणूस मोकळेपणाने बोलतो. परंतु आपला देह कोणाच्या हाती जावा, त्यापुढे कोणी काय म्हणावे आणि काय मुळीच करू नये, हा विषय निघताच घरातील माणसे त्याला गप्प करतात. मग मृत्यूच्या दिवशी निर्णय घेण्याची पाळी शोकाकुल पत्नीवर आणि गोंधळलेल्या मुलांवर येते. ती बोलू शकत नाहीत. बोलतो तो गावाकडून आलेला एखादा वडीलधारा भाऊबंद. चाळीस वर्षे पंचशील पाळणाऱ्या उपासकाच्या नावाने दहाव्या दिवशी पिंड ठेवला जातो, कावळ्याची वाट पाहिली जाते आणि त्याच्या पत्नीच्या बांगड्या फोडल्या जातात. हे सारे 'त्यांच्या आत्म्याच्या शांतीसाठी' म्हणून होते. आणि तो उपासक तर अनात्मवादाचा होता!

वास्तविक ज्या शास्त्याचा धम्म आपण स्वीकारला, त्याने स्वतःच्या अंत्यव्यवस्थेविषयी स्पष्टपणे बोलून ठेवले आहे. दीघनिकायातील महापरिनिब्बान सुत्त आपण बहुधा श्रद्धेने, अश्रू ढाळीत वाचतो. मृत्यूपूर्वी करून ठेवलेल्या व्यवस्थेचा एक ऐतिहासिक दस्तऐवज म्हणून ते सहसा वाचले जात नाही. प्रस्तुत लेखात ते तसे वाचण्याचा प्रयत्न आहे, आणि त्याच दृष्टीने आपल्या महाराष्ट्रातील दोन प्रसंगांकडे पाहावयाचे आहे.

भगवंतांचे वय त्या वेळी ऐंशी वर्षांचे होते. वेसालीजवळ बेलुवगामात वर्षावास चालू असता त्यांना मरणांतिक वेदनांचा आजार झाला. तो त्यांनी धैर्याने आवरला. पुढे चापाल चेतियापाशी त्यांनी आयुसंस्कार सोडला आणि महावनातील कूटागारशाळेत भिक्खूंना एकत्र बोलावून सांगितले, की आजपासून तीन महिन्यांनी तथागताचे परिनिब्बान होईल. तेथून पुढचा सारा प्रवास, भंडगाम, भोगनगर, पावा आणि कुसिनारा, हा मरणाची तिथी ठाऊक असलेल्या माणसाचा प्रवास आहे. या काळात भगवंत जे काही करतात, त्यातील फारच थोडे स्वतःच्या देहाविषयी आहे. बहुतेक सर्व मागे राहणाऱ्यांविषयी आहे.

याचे सर्वांत हृद्य उदाहरण चुंदाचे. चुंद हा कम्मारपुत्त, म्हणजे धातुकाम करणाऱ्याचा मुलगा. पावा येथे त्याच्या घरी भगवंतांनी शेवटचे भोजन घेतले. 'सूकरमद्दव' म्हणजे नेमके काय, या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. त्यावर आतापर्यंत आवश्यकतेपेक्षा अधिक शाई खर्च झाली आहे. महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. भोजनानंतर आजार बळावला, तेव्हा 'तुझ्या अन्नामुळे तथागत गेले' असे लोक चुंदाला म्हणतील आणि तोही जन्मभर स्वतःला दोषी मानील, हे भगवंतांनी ओळखले. त्यांनी आनंदाला बजावले, की चुंदाच्या मनातील हा विषाद दूर कर; संबोधीपूर्वीचे भोजन आणि परिनिब्बानापूर्वीचे भोजन ही दोन्ही दाने सारख्याच महान फळाची आहेत, असे मी स्वतः म्हटल्याचे त्याला सांग. मरणोन्मुख माणसाने मागे उरणाऱ्या एका सामान्य कारागिराच्या मनावरचे ओझे असे आधीच उतरवून ठेवावे, याला तोड नाही. आपल्याकडे इच्छापत्रात जमीन आणि दागिने येतात, पण 'माझ्या आजारात तुझी काही चूक झाली नाही' हे वाक्य कोणी लिहून ठेवीत नाही.

कुसिनारेतील जुळ्या सालवृक्षांमध्ये भगवंत पहुडले असता आनंदाने सरळ प्रश्न विचारला: तथागतांच्या शरीराचे आम्ही काय करावे? या प्रश्नाला भगवंतांनी जे उत्तर दिले, त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात भिक्खूंना सांगितले, की तुम्ही सरीरपूजेच्या बाबतीत 'अब्यावट' राहा, म्हणजे त्या खटपटीत गुंतू नका. आपल्या साधनेला लागा. तथागतांवर श्रद्धा असलेले सुज्ञ क्षत्रिय, ब्राह्मण आणि गृहपती ते काम करतील. येथे ब्राह्मणांचे नाव आहे खरे, पण ते श्रद्धावान उपासक म्हणून आहे, पुरोहित म्हणून नाही. क्रिया सांगणारा, मंत्र म्हणणारा, दक्षिणा घेणारा असा मध्यस्थ या संपूर्ण व्यवस्थेत कोठेही नेमलेला नाही. अंत्यसंस्काराचा अधिकार भगवंतांनी गृहस्थांच्या हाती दिला.

आनंदाने पुन्हा विचारल्यावर दुसरा भाग आला. चक्कवत्ती राजाच्या देहाप्रमाणे करावे: नव्या वस्त्रात गुंडाळावे, त्यावर पिंजलेला कापूस, पुन्हा वस्त्र, असे थर द्यावेत, लोखंडी तेलद्रोणीत ठेवावे, सुगंधी काष्ठांची चिता रचावी आणि चव्हाट्यावर, चार महापथ मिळतात तेथे, थूप बांधावा. वरवर पाहता पहिल्या भागातील अलिप्ततेशी याचा मेळ बसत नाही, आणि हा राजवैभवाचा तपशील नंतरच्या श्रद्धेने घातला असावा, असे काही अभ्यासकांना वाटते. मला त्यातील 'चव्हाटा' हा शब्द अधिक बोलका वाटतो. वैदिक प्रथेत प्रेत आणि प्रेताशी संबंधित सर्व काही वस्तीपासून दूर ठेवले जाते. येथे अस्थी वर्दळीच्या मध्यभागी येतात.

हीच गोष्ट अंत्ययात्रेच्या मार्गातही दिसते. कुसिनारेच्या मल्लांनी सहा दिवस नृत्य, गीत, वाद्य आणि पुष्पमालांनी देहाचा सत्कार केला. सातव्या दिवशी त्यांचा बेत असा, की नगराच्या बाहेरून बाहेरूनच देह दक्षिणेकडे न्यावा आणि तेथे दहन करावे. दक्षिण ही रूढीने ठरलेली मृतांची दिशा. परंतु आठ मल्लप्रमुखांना देह उचलताच येईना. तेव्हा अनुरुद्ध थेरांनी सांगितले, की देवतांचा मनोदय वेगळा आहे. त्यानंतर देह उत्तरेच्या वेशीने नगरात आणला गेला, भर वस्तीतून नेला गेला आणि पूर्वेच्या वेशीने बाहेर काढून मकुटबंधन चेतियापाशी नेण्यात आला. देवतांचा भाग बाजूला ठेवला तरी उरते ते महत्त्वाचे आहे. प्रेताने गाव विटाळतो, ही समजूत सुत्तकारांनी भर नगरातून अंत्ययात्रा नेऊन मोडून काढली आहे. ज्यांच्या पूर्वजांची स्मशानेही गावाने वेगळी ठेवली, त्या वाचकांना या मार्गाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

आणखी एक तपशील विनयपिटकात, चुल्लवग्गात आहे. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत थेरांनी आनंदावर जे दोष ठेवले, त्यांतील एक असा: भगवंतांच्या देहाचे वंदन त्याने स्त्रियांना प्रथम करू दिले आणि त्यांच्या अश्रूंनी तो देह मलिन झाला. आनंदाचे उत्तर साधे होते. अवेळ होऊन त्यांची अडचण होऊ नये, म्हणून मी त्यांना आधी येऊ दिले. मला यात दोष दिसत नाही, परंतु आपल्यावरील श्रद्धेमुळे मी तो मान्य करतो. आनंदाला दोष देणाऱ्यांची नावे आज आपल्या विहारांत आदराने घेतली जातात, पण या एका मुद्द्यावर माझी सहानुभूती पूर्णपणे आनंदाकडे आहे.

इतकी व्यवस्था करूनही एक गोष्ट मात्र राहिली. अस्थी कोणाच्या, याविषयी भगवंतांनी काही सांगितल्याचा उल्लेख सुत्तात नाही. परिणाम काय झाला? मगधाचा अजातसत्तु, वेसालीचे लिच्छवी, कपिलवत्थूचे शाक्य, अल्लकप्पाचे बुली, रामगामाचे कोलिय, वेठदीपाचा ब्राह्मण आणि पावेचे मल्ल असे सात जण हक्क सांगत आले. कुसिनारेच्या मल्लांनी काहीही देण्यास नकार दिला. ज्याने आयुष्यभर अवैराची शिकवण दिली, त्याच्या अस्थींवरून युद्ध जुंपण्याची वेळ आली. दोण ब्राह्मणाने मध्यस्थी करून आठ समान भाग केले, स्वतः मापाचा कुंभ घेतला आणि उशिरा आलेल्या पिप्पलिवनाच्या मोरियांना निखारे मिळाले. १९५८ साली वैशालीत डॉ. अ. स. अळतेकर यांच्या उत्खननात जो मातीचा प्राचीन स्तूप सापडला, तो लिच्छवींच्या वाट्याचा असावा असे मानले जाते. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या सातव्या खंडात अंत्यविधी आणि अस्थींवरील कलह यांना स्वतंत्र प्रकरणे दिली आहेत. न सांगितलेल्या गोष्टीवर हक्क सांगणारे नेहमीच अनेक असतात, हे कुसिनारेइतकेच आजच्या भाऊबंदकीलाही लागू आहे.

आता गृहस्थांकडे वळू. तथागतांची गोष्ट वेगळी, असे कोणी म्हणेल, म्हणून दोन साध्या उपासकांची सुत्ते पाहावीत. अंगुत्तरनिकायाच्या छक्कनिपातात नकुलपिता गंभीर आजारी असताना त्याची पत्नी नकुलमाता त्याच्याशी बोलते. मागची चिंता घेऊन मरू नका, असे मरण दुःखद असते, असे ती म्हणते आणि मग एकेका चिंतेचे नाव घेते. मुलांचे काय होईल? मला कापूस कातता येतो, लोकर विंचरता येते; मी मुलांना सांभाळीन आणि घर चालवीन. मी दुसरे घर करीन का? नाही. धम्माची वाट सोडीन का? नाही. बोलता बोलता नकुलपित्याचा आजार उतरतो आणि तो काठी टेकीत भगवंतांच्या दर्शनास जातो. पुढील व्यवस्थेविषयी बोलल्याने मरण ओढवते, या समजुतीला यापेक्षा चांगले उत्तर मला तरी माहीत नाही.

दुसरे सुत्त संयुत्तनिकायातील, महानाम शाक्याला सांगितलेले. आजारी उपासकाला दुसऱ्या सुज्ञ उपासकाने कसा धीर द्यावा, हा त्याचा विषय. बुद्ध, धम्म, संघ यांवरील अढळ श्रद्धा आणि शील यांची आठवण प्रथम द्यावी. त्यानंतर विचारावे, आईवडिलांची ओढ आहे का, पत्नीमुलांची आहे का. आणि ती ओढ हळूहळू सोडण्यास साहाय्य करावे. अशा रीतीने विमुक्त झालेल्या उपासकाची मुक्ती आणि शंभर वर्षे विमुक्त असलेल्या भिक्खूची मुक्ती यांत भगवंत काही फरक मानीत नाहीत. मृत्युशय्येपाशी काय बोलावे, हे या सुत्ताने इतके नेमके सांगितले असताना आपल्या घरांत त्या वेळी गंगाजळाची शोधाशोध व्हावी, हे खेदजनक आहे.

मृतासाठी क्रियाकर्म केल्याने काय साधते, याविषयी नालंदेच्या पावारिक आम्रवनात असिबंधकपुत्त गामणीने भगवंतांना विचारले होते. पश्चिमेकडचे ब्राह्मण पाण्याची भांडी आणि शेवाळाच्या माळा घेऊन मृताला स्वर्गात चढवतात म्हणे. आपल्याला ते करता येते का? भगवंतांनी त्यालाच उलट प्रश्न केला. खोल डोहात मोठी शिळा टाकली आणि काठावर लोकांनी हात जोडून 'वर ये' म्हटले, तर ती वर येईल काय? तुपाचा घडा पाण्यात फोडला, तर खापऱ्या तळाशी जातील. पण लोकांनी 'बुड, बुड' म्हटल्याने तूप बुडेल काय? असे असले तरी अभ्यासकाने सोयीचे तेवढेच सांगू नये. अंगुत्तरनिकायातील जाणुस्सोणि सुत्तात आणि खुद्दकपाठातील तिरोकुड्ड सुत्तात मृत आप्तांच्या नावाने दिलेले दान एका विशिष्ट योनीतील जीवांना उपयोगी पडते, असा विचार आढळतो. पुण्यानुमोदनाची प्रथा तेथूनच वाढली. मात्र त्यातही दान जिवंत माणसांना द्यायचे असते, पिंडाला किंवा कावळ्याला नव्हे. आपण ज्याला रूढीने 'जलदान विधी' म्हणतो, त्यालाही पुण्यानुमोदन हेच नाव योग्य होय. जलदान म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात तर्पणच उभे राहते.

बाबासाहेबांनी बुद्ध, कबीर आणि फुले यांना आपले गुरू मानले. त्यांतील महात्मा जोतीराव फुले यांनी आपल्या अंत्यविधीची जेवढी तयारी केली, तेवढी त्या काळात फारच थोड्यांनी केली असेल. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापून त्यांनी पुरोहिताविना विवाह सुरू केले होते. स्वतःचा मृत्यूही तसाच व्हावा, ही त्यांची इच्छा होती. १८८७ साली त्यांनी मृत्युपत्र नोंदवले. दत्तक पुत्र यशवंत याच्या हातून आपले अंतिम कार्य व्हावे आणि भटभिक्षुकांचा त्यात हात नसावा, असे त्यांचे म्हणणे होते. यशवंत हा एका ब्राह्मण विधवेचा मुलगा. भाऊबंद त्याला मानणार नाहीत, हे जोतीरावांना ठाऊक होते. देह जाळू नये, मिठात पुरावा, अशीही त्यांची इच्छा होती आणि त्यासाठी घरामागे खड्डाही खणून ठेवला होता.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. वस्तीत दफन करण्यास नगरपालिकेने परवानगी नाकारली आणि देहाचे दहन करावे लागले. भाऊबंदांनी अपेक्षेप्रमाणे वाद काढला, की टिटवे कोणी धरायचे. टिटवे, म्हणजे विस्तवाचे मडके, धरून जो अंत्ययात्रेच्या पुढे चालतो, तो वारस ठरतो, अशी समजूत. म्हणून वाद विधीचा कमी आणि मालमत्तेचा अधिक होता. त्या वेळी सावित्रीबाई पुढे झाल्या, टिटवे त्यांनी स्वतःच्या हाती घेतले आणि त्या अंत्ययात्रेच्या अग्रभागी चालल्या. जोतीरावांच्या अस्थी पुढे घरीच ठेवण्यात आल्या. पुण्याच्या फुले वाड्यात ती समाधी आजही आहे. नोंदवलेले मृत्युपत्र, खणलेला खड्डा, स्पष्ट सांगितलेली इच्छा, यांतील बरेच काही त्या दिवशी अपुरे पडले. जे टिकले, ते एका स्त्रीने चारचौघांसमोर उभे राहून टिकवले. आनंदाने स्त्रियांना देहापाशी प्रथम येऊ दिले, त्या गोष्टीनंतर सुमारे चोवीसशे वर्षांनी हे घडले, आणि तेही आश्चर्य वाटावे अशा रीतीने घडले, यावरून मधल्या काळात आपण कोठे जाऊन पोहोचलो होतो ते कळते.

बाबासाहेबांच्या बाबतीत चित्र निराळे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतील सहावी श्राद्ध आणि पिंडदान नाकारणारी आहे, तर आठवी ब्राह्मणांकडून क्रियाकर्म करून घेण्याचे नाकारणारी आहे. लाखो माणसांच्या मृत्यूची व्यवस्था त्यांनी अशी दोन वाक्यांत करून ठेवली. त्यानंतर ५३ दिवसांनी, ६ डिसेंबरला, दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्याच महिन्याच्या १६ तारखेस मुंबईत धम्मदीक्षेचा कार्यक्रम ठरलेला होता. ७ डिसेंबरला दादरच्या समुद्रकिनारी त्यांच्या देहासमोरच भदंत आनंद कौसल्यायन यांनी लाखाहून अधिक लोकांना दीक्षा दिली, आणि पुत्र यशवंतराव यांनी अग्नी दिला. दोन्ही महापुरुषांच्या पुत्रांचे नाव यशवंत असावे, हा केवळ योगायोग. त्या जागी उभारलेल्या चैत्यभूमीच्या स्तूपाचे उद्घाटन ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताई आंबेडकर यांच्या हस्ते झाले.

त्या संध्याकाळी किनाऱ्यावर जमलेल्यांपैकी अनेकांच्या वाडवडिलांना गावगाड्याने मृत्यूची सारी कामे लावून दिली होती. कोणी मेले की गावोगाव सांगावा घेऊन धावायचे ते महाराने; सरणाची लाकडे वाहायची तीही त्यानेच; आणि मोबदला म्हणून मढ्यावरचे कापड. दुसऱ्याच्या मरणाची अशी सेवा ज्यांच्याकडून सक्तीने घेतली गेली, त्यांना स्वतःच्या माणसाला आपल्या शब्दांत निरोप देण्याचा अधिकार कधीच नव्हता. त्रिसरण आणि पंचशील म्हणून, पांढऱ्या वस्त्रात, स्त्रीपुरुषांनी मिळून दिलेला निरोप म्हणजे हा अधिकार. तो शोकाच्या गडबडीत गावाकडच्या काकांच्या स्वाधीन करणे योग्य नव्हे.

म्हणून आमच्या उपासक-उपासिकांना सुचवावेसे वाटते, की साठी उलटण्याची वाट न पाहता एक साधा कागद करावा. विधी कोण चालवील, त्या बौद्धाचार्यांचे किंवा मित्राचे नाव त्यात असावे. कोणते सुत्त म्हणावे, कोणी दोन शब्द बोलावेत, हे लिहावे. आवडते गीत असेल तर तेही लिहावे, मल्लांनी तर सहा दिवस गायन केले होते. दहावा, तेरावा, पिंड, पत्नीचे कुंकू पुसणे यांतले काय होऊ द्यायचे नाही, ते नावानिशी लिहावे, कारण मोघम लिहिलेले मोडणे सोपे असते. भोजनावर होणारा खर्च कोणत्या विद्यार्थ्याच्या शुल्कासाठी किंवा कोणत्या विहाराच्या ग्रंथालयासाठी द्यायचा, हे ठरवावे. अस्थींचे काय करायचे, हे विसरू नये. देहदान करायचे असल्यास केवळ अर्ज भरून भागत नाही. देह सोपवायचा तो घरच्यांनाच, म्हणून त्यांची संमती आधी मिळवावी. आणि ज्या कोणा चुंदाच्या मनात आपल्या आजारपणाविषयी अपराधाची भावना राहील असे वाटते, त्याच्यासाठी एक वाक्य स्वतःच्या हाताने लिहावे.

हा कागद घरात एकदा सर्वांसमोर वाचावा. नकुलमातेने जे केले ते बोलूनच केले होते. एक प्रत जोडीदाराकडे आणि एक विहारात द्यावी. कपाटातल्या दागिन्यांच्या डब्यात मात्र तो ठेवू नये. तो डबा बहुतेक घरांत तिसऱ्या दिवसानंतर उघडला जातो.